मॅक घ्यायचाय? मग आधी बाकीचे लोक का घेत नाहीत ते नीट बघा

मॅकला, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरला, नावं ठेवणारा माणूस शोधून सापडायचा नाही. ज्याच्याकडे नाहीये तोसुद्धा सांगतो की मशीन भारी आहे, बॅटरी दिवसभर जाते, स्क्रीन तर विचारूच नका. आणि तरीही जगभरात दरवर्षी जेवढे कॉम्प्युटर विकले जातात त्यात मॅक शंभरात साधारण आठ ते दहाच, गेली काही वर्षं आकडा तिथेच घुटमळतोय. बाकीचे नव्वद जण तोंड भरून कौतुक करतात आणि एचपी, डेल, लेनोवो, असूस घेऊन घरी जातात.

हे नव्वद जण अडाणी नाहीत, आणि सगळेच पैशापायी अडलेत असंही नाही. प्रत्येकाकडे काहीतरी ठोस कारण असतं, आणि मला वाटतं की मॅक घ्यायच्या विचारात असलेल्या माणसासाठी ही कारणं म्हणजेच खरी चेकलिस्ट आहे, यूट्यूबवरच्या रिव्ह्यूमध्ये ती मिळत नाही कारण तिथे मशीन कसं आहे एवढंच सांगतात, तुमचं काम कसं आहे ते त्यांना कुठून माहीत असणार. तर एकेक कारण घेऊ, ते स्वतःला लावून बघायचं. एखादंच किरकोळ कारण लागू पडलं तर बिनधास्त घ्या, दोन-तीन लागू पडली तर थांबा.

सगळ्यात आधी किंमत, कारण सगळे तिथेच अडखळतात आणि बहुतेक जण हिशोब चुकीचा करतात. "अमेरिकेत निम्म्या किमतीत मिळतो" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक घरात ऐकू येतं. २०२५ च्या मार्चमध्ये एम४ चिपवाला (ही ॲपलची स्वतःची चिप) मॅकबुक एअर लॅपटॉप आला तेव्हा अमेरिकेत ९९९ डॉलर आणि भारतात ९९,९०० रुपये होता. आता डॉलर तेव्हा ८७ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे झाले ८७ हजार, आणि अमेरिकेतली किंमत ही टॅक्स सोडून असते, आपली जीएसटी धरून असते, त्या ८७ हजारांवर १८ टक्के लावा, एक लाख दोन हजारांच्या वर जातं. म्हणजे बेस मॉडेल, सगळ्यात स्वस्तातलं, इथे महाग नव्हतंच, उलट थोडं स्वस्त होतं. वर बँकेच्या कार्डाचा कॅशबॅक, सणासुदीचे सेल, विद्यार्थी-शिक्षकांची सवलत, हे सगळं वेगळं. त्यामुळे न्यू जर्सीतल्या भावाला "येताना घेऊन ये" म्हणायच्या आधी त्याच्या राज्यातला सेल्स टॅक्स धरून एकदा कॅल्क्युलेटरवर बघा. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो हे खरं आहे, पण बेस मॉडेलला त्यात वाचणारे पैसे बहुतेक वेळा त्या धावपळीच्या लायकीचे नसतात.

मग किमतीची खरी अडचण कुठे आहे? दोन ठिकाणी आहे.

पहिली म्हणजे खालची पायरीच नाही. विंडोजचा लॅपटॉप तीस-पस्तीस हजारांपासून सुरू होतो आणि मग प्रत्येक पाच हजारांवर काहीतरी मिळतं. ॲपलने ही स्वस्तातली बाजारपेठ वर्षानुवर्षं जाणूनबुजून सोडून दिली. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने गुंतवणूकदारांसमोर सरळ सांगितलं होतं की पाचशे डॉलरच्या आत भंगार नसलेला कॉम्प्युटर कसा बनवायचा ते आम्हाला येत नाही. त्याआधी एकदा दुसरा रस्ताही करून झाला होता. १९९५ पासून ॲपलने पॉवर कॉम्प्युटिंग, युमॅक्स अशा कंपन्यांना मॅकचे क्लोन, म्हणजे मॅकची सिस्टिम चालवणारी त्यांची स्वतःची मशीनं, बनवायचं लायसन्स दिलं, कल्पना अशी की स्वस्त मॅक आले की विंडोजवाले इकडे वळतील. झालं उलटंच. जे आधीपासून ॲपलचे गिऱ्हाईक होते तेच स्वस्त क्लोन घ्यायला लागले, नवीन माणूस फारसा आलाच नाही. १९९७ मध्ये जॉब्स परत आला आणि त्याने तो कारभार गुंडाळला. माझ्या मते तेव्हापासून ही कंपनी संख्येच्या मागे लागलीच नाही, कमी विकायचं पण प्रत्येकावर नीट कमवायचं, हेच धोरण. त्यामुळे आपल्या बजेटमध्ये ते खाली उतरतील म्हणून वाट बघत बसण्यात फार अर्थ नाही.

दुसरी अडचण म्हणजे बेसच्या वर गेलं की मीटर पळायला लागतं. त्याच एम४ एअरमध्ये २५६ जीबीचं स्टोरेज ५१२ केलं तर वीस हजार लागायचे, १६ जीबी रॅम २४ केली तर आणखी वीस हजार. आणि हे नंतर बदलता येत नाही, रॅम चिपमध्येच बसवलेली, स्टोरेज बोर्डवर सोल्डर केलेलं, लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत नेऊन एसएसडी टाकून घेऊ हा पर्यायच नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर घ्यायची पद्धतच अशी आहे की आत्ता झेपेल तेवढा घ्यायचा, दोन वर्षांनी रॅम वाढवायची, मग पुढे एसएसडी. मॅक त्या पद्धतीत बसत नाही. म्हणून आत्ताच ठरवा. रॅमसाठी पैसे द्यायचे की स्टोरेजसाठी असा प्रश्न आला तर रॅमला द्या, कारण फोटो-व्हिडिओ बाहेरच्या एसएसडीवर टाकता येतात, रॅम बाहेरून लावता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ॲपलने नव्या मॅकमध्ये किमान १६ जीबी द्यायला सुरुवात केली, त्याआधीचा ८ जीबीवाला कुणी स्वस्तात देत असेल तर फक्त ब्राउझर आणि लिखाणकामापुरता बघा.

आता खरा मुद्दा, आणि इथे घाई करू नका. तुमच्या कामाचं सॉफ्टवेअर.

एक कागद घ्या. मागच्या वर्षभरात कॉम्प्युटरवर जे जे उघडलं ते सगळं लिहा, अगदी महिन्यातून एकदाच लागणारी गोष्टसुद्धा, उलट तीच आधी लिहा कारण घोळ तिथेच होतो. रोजचं काम म्हणजे ब्राउझर, मेल, वर्ड, झूम, हे मॅकवर छानच चालतं. अडकतं ते वर्षातून चार वेळा लागणाऱ्या एखाद्या गोष्टीवर.

हिशोबाचं काम असेल तर टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे, मॅकची आवृत्ती नाही. ऑफिसमध्ये ॲक्सेसचा डेटाबेस असेल किंवा पॉवर बीआय डेस्कटॉप लागत असेल तर तेही मॅकवर नाही. एक्सेल आहे, चांगलं आहे, पण पॉवर पिव्होट त्यात नाही आणि कीबोर्डचे शॉर्टकट वेगळे, ज्याची बोटं दहा वर्षं विंडोजच्या एक्सेलवर चाललीत त्याला पहिले काही आठवडे जाम चिडचिड होते. इंजिनिअरिंगवाल्या मुलामुलींनी तर आधी सीनियरला विचारावं. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स, सिव्हिल-आर्किटेक्चरला रेव्हिट, इलेक्ट्रॉनिक्सला कायल आणि व्हिवाडो, यातलं काहीच मॅकवर सरळ चालत नाही. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे पण विंडोजवाल्यातलं सगळं तिच्यात नाही. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचं मात्र उलट, वेब, पायथन, मोबाईल ॲप असं काम असेल तर मॅकवर मजा येते, आणि आयफोनची ॲप बनवायची तर एक्सकोड मॅकवरच चालतं, तिथे प्रश्नच मिटला.

सीए, सीएस, वकील, टेंडर भरणारे कॉन्ट्रॅक्टर यांनी एक गोष्ट खास बघायची, ती म्हणजे डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन. टोकनच्या कंपनीच्या साइटवर जायचं आणि आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर (ते यंत्र कॉम्प्युटरशी जोडून देणारं छोटं सॉफ्टवेअर) मॅकओएसच्या नव्या आवृत्तीसाठी, ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी आहे का ते बघायचं. मग ज्या सरकारी पोर्टलवर सही करता त्याची सही करायची युटिलिटी मॅकवर चालते का ते वेगळं बघायचं. दोन्ही "हो" पाहिजेत, एक चालून उपयोग नाही. माझ्या ओळखीतल्या एका ऑफिसात मॅक आले, सगळे खूश होते, आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी सही होईना म्हणून कपाटातला जुना विंडोज लॅपटॉप बाहेर काढावा लागला. तो आजही तिथेच आहे, फक्त सहीसाठी.

प्रेसचं, डीटीपीचं, पुस्तकांचं काम करणाऱ्यांसाठी मराठीची बाजू. युनिकोड मराठी मॅकवर सुंदर दिसतं, मी तर म्हणेन विंडोजपेक्षा जास्त सुंदर, मॅकओएससोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये श्री देवनागरी ७१४ हा आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा फॉन्टही आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच मिळतो, सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेस, तिथून देवनागरी जोडायचा. पण तुमच्याकडे वीस वर्षांच्या फायली डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश असल्या जुन्या फॉन्टमध्ये पडल्या असतील, आणि प्रेसवाला अजून त्याच मागत असेल, तर त्या टायपिंगचं सॉफ्टवेअर मॅकवर मिळतं का हे त्या कंपनीला फोन करून विचारा. मिळत नसेल तर मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम आधी, मॅक नंतर. हे काम कधीतरी करायलाच हवंय, आपली भाषा त्या जुन्या फॉन्टच्या कोंडवाड्यात अडकून पडलेली बघून वाईट वाटतं, पण ते मॅक घेतल्यावर अंगावर पडू देऊ नका.

मग कुणीतरी म्हणेल की विंडोज टाकून घे ना मॅकवर. हे जुनं उत्तर आहे. २००६ मध्ये मॅक इंटेलच्या चिपवर गेले तेव्हा बूट कॅम्प आलं, एकाच मशीनवर दोन्ही चालायचं, आणि तेव्हा खरंच बरेच जण इकडे आले. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आला, बॅटरी आणि वेग कुठल्या कुठे गेला, पण बूट कॅम्प गेलं. आता पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोजची आर्म आवृत्ती (ॲपलच्या चिप ज्या आर्म जातीच्या आहेत त्यांवर चालणारी) चालवता येते, २०२३ पासून मायक्रोसॉफ्टनेही त्याला अधिकृत मान्यता दिलीय, साधी ॲप्स बऱ्यापैकी चालतात. पण पॅरलल्सचे पैसे वेगळे, विंडोजचं लायसन्स वेगळं, रॅम दोघांत वाटली जाणार, आणि टोकन किंवा मशीनचा ड्रायव्हर आर्मसाठी बनवलेला नसेल तर तो तिथेही चालत नाही, कारण जुनं ॲप आर्मवर चालवायची जी सोय विंडोजमध्ये आहे ती ड्रायव्हरला लागू होत नाही. यादीतली एखादीच गोष्ट अशी असेल तर हा मार्ग ठीक आहे. रोजचं मुख्य कामच त्यातून करायचं असेल तर विंडोजचाच चांगला लॅपटॉप घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

ॲपलचं आणखी एक वागणं इथे लक्षात ठेवायला हवं. ही कंपनी जुनं सोडून देताना मागे बघत नाही. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ३२-बिटची, म्हणजे जुन्या बांधणीची, सगळी ॲप्स एका अपडेटमध्ये बंद पडली. मोटोरोलाची चिप, मग १९९४ पासून पॉवरपीसी, मग इंटेल, मग स्वतःची, दर वेळी थोडी वर्षं जुनं चालवून घ्यायची सोय दिली, आणि आधीच्या दोन्ही वेळी मग ती काढून टाकली. मायक्रोसॉफ्टचं बरोबर उलटं, तिथे पंधरा वर्षांपूर्वीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर अजून उघडतं. मला वैयक्तिक ॲपलची पद्धत पटते, त्यामुळेच ती मशीनं एवढी हलकी आणि चपळ राहिलीत. पण कारखाना, दवाखाना, किराणा होलसेल चालवणाऱ्या माणसाला नवेपणापेक्षा उद्या सकाळी बिल निघणं महत्त्वाचं असतं आणि तो मॅककडे का वळत नाही हे यातून सरळ कळतं.

पुढचं कारण माणसांचं. आपल्या आजूबाजूला विंडोज येणारी माणसं आहेत. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे, गावोगावच्या सेंटरवर मुलं, गृहिणी, सरकारी कर्मचारी कॉम्प्युटर शिकले ते विंडोज आणि ऑफिसवर, शाळेतल्या लॅबमध्येही तेच, बँकेत तेच, तहसील कार्यालयात तेच. त्यामुळे काही अडलं की शेजारचा पोरगा येऊन दोन मिनिटांत करून देतो. मॅकवर तोच पोरगा माउस धरून बघत बसतो. कंपन्यांतही हेच, आयटी विभागाला एकदम हजार मशीनं घ्यायची असतात, एकाच पद्धतीने सांभाळायची असतात, तिथे आवडीनिवडीला जागा नसते. आयबीएमने २०१५ पासून कर्मचाऱ्यांना मॅक द्यायला सुरुवात केली आणि चार वर्षांचा खर्च धरला तर मॅक स्वस्त पडतो असं जाहीरपणे सांगितलं, तरी बाकीच्यांनी धडाधड अनुकरण केलं असं दिसत नाही, कारण सवय आणि आधीपासूनची व्यवस्था बदलणं हाच मोठा खर्च असतो.

तुम्ही काय करायचं? अडलं की कुणाला फोन करणार त्या माणसाचं नाव ठरवा. मॅक वापरणारा एक तरी मित्र, भाची, ऑफिसातला सहकारी असेल तर पहिला महिना सोपा जातो. आईवडिलांसाठी घेत असाल आणि तुम्ही बंगळुरूला किंवा लंडनला असाल तर तुमच्याकडेही मॅक असणं फार कामाचं, स्क्रीन शेअर करून लगेच दाखवता येतं. आणि एक छोटी गोष्ट जी सगळ्यांना पहिल्या आठवड्यात गाठते, मॅक एनटीएफएस फॉरमॅटचा (विंडोजच्या पद्धतीचा) हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फाईल कॉपीच होईना म्हणून लोक घाबरतात. डेटा दुसरीकडे काढून ठेवा, ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मग दोन्हीकडे चालतो.

दुरुस्तीचं थोडक्यात. ॲपलची स्वतःची दुकानं भारतात उशिरा आली, एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत बीकेसी आणि दिल्लीत साकेत, पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये. बाकी बहुतेक ठिकाणी अधिकृत सर्व्हिस सेंटर, तीही मोठ्या शहरांत. तुम्ही तालुक्याच्या गावी असाल तर ॲपलच्या साइटवर जवळचं सेंटर किती लांब आहे ते आधी बघा आणि मशीन तिथे ठेवावं लागलं तर मधल्या दिवसांत काम कशावर करणार तेही ठरवा. स्क्रीन फुटली किंवा चहा सांडला तर बिल डोळे पांढरे करणारं असतं, म्हणून ॲपलकेअर प्लसचे पैसे मी फालतू खर्चात धरत नाही. प्रिंटर, स्कॅनर, बारकोडचं यंत्र, यांचे ड्रायव्हरही त्याच कागदावर लिहून तपासा. एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय छापायची ॲपलची सोय) असलेला प्रिंटर असेल तर काही करावं लागत नाही. दोन मॉनिटर लावायचे असतील तर एम१ आणि एम२ एअरला एकच बाहेरचा मॉनिटर चालतो, एम३ ला झाकण बंद ठेवून दोन, एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन.

गेम खेळायचे असतील तर विषय संपला, विंडोज घ्या. व्हॅलोरंट मॅकवर नाही, काउंटर-स्ट्राइक २ नाही, जीटीए ५ नाही. गेमचं चित्र स्क्रीनवर काढायला ओपनजीएल नावाचं सगळीकडे चालणारं तंत्र होतं, ॲपलने २०१८ मध्ये त्याला रामराम ठोकायचं जाहीर केलं आणि स्वतःच्या मेटल या तंत्रावर जोर दिला, एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी वेगळं काम करायला गेम बनवणारे तयार होत नाहीत, आणि गेम नाहीत म्हणून तरुण मुलं येत नाहीत, मग गिऱ्हाईक वाढतच नाही. या चक्रातून ॲपल कधी बाहेर पडेल तेव्हा पडो, तुमच्या मुलाला गेमिंगसाठीच लॅपटॉप हवा असेल तर त्याला मॅक घेऊन देऊ नका.

इतकं सगळं तपासून कागदावर फार फुल्या आल्या नाहीत, पण पैसे कमी पडतायत, तर दोन वाटा आहेत. घरी मॉनिटर, कीबोर्ड पडून असेल तर मॅक मिनी. एम४ मिनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ५९,९०० ला आला, आत चिप तीच, १६ जीबी रॅम, लाखाच्या आत मॅक वापरून बघायचा हा मला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो, फक्त तो उचलून कॉलेजला नेता येत नाही.

दुसरी वाट सेकंडहँड. इथे पहिला नियम, इंटेलचा मॅक कितीही स्वस्त मिळाला तरी नको. मॅकओएस टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असं ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकलंय. त्यात २०१५ ते २०१९ मधल्या बऱ्याच मॅकबुकला तो बटरफ्लाय कीबोर्ड, ज्याच्यात धुळीचा कण गेला की बटण अडकायचं, त्यावरून अमेरिकेत खटला होऊन कंपनीला पाच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. एम१ पासून पुढचंच बघा. ॲपल मेनूत अबाउट धिस मॅक उघडून चिप आणि रॅम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, मग सिस्टिम रिपोर्टमध्ये पॉवरखाली बॅटरीची सायकल काउंट, म्हणजे ती किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा, बघा, या बॅटऱ्या १००० सायकलसाठी बनवलेल्या असतात, सात-आठशे झाल्या असतील तर बॅटरी बदलायचा खर्च किमतीतून कमी करून घ्या. मग विकणाऱ्याला तुमच्या समोर इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज करायला लावा, त्यात त्याचा ॲपल आयडी निघतो, तो निघाल्याशिवाय मशीन तुमचं होत नाही. मशीन परत चालू झालं की तिथेच वायफायला किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि सेटअप शेवटपर्यंत करून बघा. मध्येच रिमोट मॅनेजमेंट असं लिहिलेली स्क्रीन आली आणि त्यावर कुठल्या कंपनीचं नाव दिसलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. विकणारा कितीही म्हणो की दोन दिवसांत काढून देतो, ते नाव जाईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, ॲडव्हान्स म्हणूनसुद्धा नाही.